मामांच्या चहावरचा भाव

मामांना कुजबुजता येत नसे. परतूरला ते कुणाच्या कानात काही बोलले की सेलूच्या स्टेशनवर कुत्री भुंकत. असा माणूस तीस वर्षं चार जिनिंगवाल्यांचं गुपित सांभाळून होता, यावर दिल्लीतल्या स्पर्धा आयोगाचाही आधी विश्वास बसला नसावा.

मामांची स्वतःची जिनिंग होती, म्हणजे कापसातली सरकी काढायची गिरणी. गुपित असं, की गावातले बाकीचे तिघे जिनिंगवाले रोज सकाळी मामांकडे चहाला येत. धंद्यात एकमेकांचे वैरी, बिस्किटं मात्र एकाच बशीतली. मामा आभाळाकडे बघून कापसाचा एक भाव पुकारत. कुणी हो म्हणत नसे, कुणी नाही म्हणत नसे. चहा संपला की चारही फाटकांवर तोच भाव. शेतकऱ्यानं ट्रॅक्टर कुठंही वळवला तरी नुसतं डिझेल जळे.

मी मामांचा सख्खा भाचा, जालन्यात वकील. एका शेतकऱ्यानं तक्रार केली, चौकशी लागली, तेव्हा मी त्यांना समजावलं, "मामा, कागद लागत नाही. स्पर्धकांनी भावाला नुसती मान हलवली, तरी कायदा त्याला करार समजतो."

"मंग मान उतरवून घरी ठेवू का? आम्ही भांडलो की तुम्ही खटले चालवता. न्हाई भांडलो की दंड. माणसानं जगावं कसं, वकीलसाहेब?"

दंड भरायचा तर जिनिंग विकावी लागणार होती. वाट एकच. जो पहिला आयोगाकडे जाऊन सगळं कबूल करील, त्याचा पूर्ण दंड माफ होऊ शकतो. मागून येणाऱ्यांना कमी कमी सूट. अर्ज ईमेलनंही चालतो, असं मी सांगून पाहिलं.

"कबुली तोंडानं द्यायची असती," मामांनी ठणकावलं. "अन् दोस्तांना बोलू नको. वाईट वाटंल त्यांना."

दिल्लीला जायला आम्ही संभाजीनगरच्या विमानतळावर पोचलो, तर ते तिघे दोस्त आधीच बसलेले. एक म्हणाला, पोरासाठी मुलगी बघायला चाललो. दुसरा डोळे दाखवायला. तिसरा नुसताच घामाघूम. मामांनी चहा मागवला.

"भांडायचं न्हाई. पहिला कोण, ते आपसात ठरवून घेऊ. माफी मिळंल ती चौघांत बराबर वाटू."

मी हात जोडले. "मामा, हाही करारच झाला."

"हा शेवटचा."

तिघांनी मान हलवली. पहिला नंबर मामांचा ठरला, कारण चहा मामांचा होता.

दिल्लीत विमानाचं दार उघडलं आणि तिघे असे सुटले, की सामान पट्ट्यावर गरगरत मागंच राहिलं. परतूरच्या कापूसबाजारात खरी स्पर्धा पहिल्यांदा झाली ती ही, आणि तीही दिल्लीत. मामांचे गुडघे म्हणजे बाभळीचे ओंडके. आयोगाच्या दारात ते चौथे पोचले. चौथ्याजवळ सांगण्यासारखं नवीन काहीच उरलं नव्हतं.

जिनिंग गेली. त्या हंगामात उरलेल्या तीन फाटकांवर तीन भाव लागले. शेतकरी ट्रॅक्टरवर मोसंबी सोलत भाव चढायची वाट बघू लागले. खाटेवर पडल्या पडल्या मामा म्हणत, "हे आधीच झालं असतं तर गावात सोन्याची कौलं दिसली असती. अन् आम्ही चौघं भिकारी."

मग मामा जास्तच आजारी पडले. तिघे भेटायला येत, पण वेगवेगळ्या दिवशी. एका खोलीत बसू नका, असं त्यांच्या वकिलांनी बजावलं होतं. मामा मला म्हणाले, "एकदा तिघांना एकदमच आण. तू मधी बस. भावाचं बोलणार न्हाई."

मी मध्ये बसलो. गुडघे झाले, जावई झाले, रक्तातली साखर झाली. कापसाचं नाव निघालं नाही, दिल्लीचंही नाही. उठताना, त्या दिवशी जो पहिला पोचला होता, तो मामांच्या पायाशी वाकला आणि वाकलेलाच राहिला. मामांनी त्याचा हात धरला.

"पळालास ते बिलकुल बराबर केलं. मला पाय असते तर मी बी पळालो असतो."

आठवड्याभरात मामा गेले. तिरडीला तीन खांदे त्या तिघांचे होते, चौथा माझा. चौघं एका चालीनं चाललो, आणि वकील म्हणून मी त्यावर काही हरकत घेतली नाही.