मधल्या काकांचा नंबर

आमच्या मुकुंदकाकांना साधा प्रश्न विचारला तरी ते आधी चष्मा पुसतात. माझे बाबा गेले तेव्हापासून घरातला प्रत्येक प्रश्न त्यांच्याकडेच जायला लागला आणि चष्म्याच्या काचा झिजायची वेळ आली. बाबा, म्हणजे एकनाथराव, तीन भावांत थोरले. मुकुंदकाका मधले. धाकटे पुण्याला असतात आणि फोनवर सल्ले देतात.

माझं लग्न ठरलं आणि सगळ्यांत मोठा प्रश्न आला, कन्यादान कोण करणार? आमच्यात बाप नसला तर काका-काकूच पाटावर बसतात. आई रोज विचारायची, काका रोज उद्यावर ढकलायचे. "वहिनी, ती जागा दादाची. मी मधला माणूस." आत्या, मावश्या झाडून सगळ्या सांगायच्या, थोरला गेला की मधलाच थोरला. काका मान डोलवायचे, चपला घालायचे आणि जिरं आणायला लांब बेगम बाजारला निघायचे, जणू आमच्या मलकपेठेत ते मिळतच नाही. मला भयंकर राग यायचा. लग्न माझं, आणि ताटकळायचंही मीच.

हिमायतनगरच्या एका खासगी दवाखान्यात काका कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळतात. तिथं कपाटात तीन स्विच, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारे डबे, एकावर एक रचलेले आहेत. सगळ्या कॉम्प्युटरांच्या वायरी त्यांत येतात. तिघं मिळून एकच असल्यासारखे चालतात, पण प्रत्येकाला आपापला नंबर, आणि त्यातला एक मुख्य. त्याच दिवसांत एक नंबरचा जळला. त्याच्यावरचे कॉम्प्युटर तेवढे बंद पडले, बाकीचा दवाखाना चालू होता. नवा येईपर्यंत शहाण्यानं तिथं हात लावला नसता. काकांनी लावला. दोन नंबरच्याला एक नंबर दिला, तीनच्याला दोन, आणि दोघांना बंद करून चालू केलं.

झालं, जत्राच भरली. कुठल्या वायरीला काय जोडायचं हे स्विचच्या नंबरावर ठरलेलं असतं म्हणे. नंबर सरकले, वायरी तिथंच राहिल्या. तपासणीच्या खोल्या बिलाच्या कामाला जोडल्या गेल्या, औषधांचं दुकान कशालाच जोडलेलं नव्हतं, आणि रांगेतले लोक काउंटरवरच्या मुलींवर उखडले. काकांबरोबर काम करणारा विवेक धावत आला.

"काका, नंबर कायकू बदले तुम्ही?"

"पहिला गेला ना. मग दुसराच पहिला. घरी सगळे मला हेच सांगायलेत."

विवेकनं कपाळाला हात लावला. "नक्को काका. दोनला दोनच राहू द्या. पहिला जळला तेव्हाच त्यानं मुख्याचं काम उचललं. नंबर न बदलता."

नंबर होते तसे परत केले आणि दवाखाना सुरू झाला. वरिष्ठांची बोलणी खाऊन काका घरी आले ते थेट माझ्यासमोर बसले.

"तन्वी, मला काही कळंना गेलंय. मुख्य तोच आहे, पण नंबर दोन."

"मग एक नंबर कोण?"

"कुणीच नाही. जागा रिकामी."

"आणि चालतं असं?"

"चालायलंय की. पहिला गेल्यापासून चालायलंय."

ते चष्मा पुसत बसले. मलाही काही कळेना. तेवढ्यात आई चहा घेऊन आली आणि सवयीनं पुन्हा तोच प्रश्न विचारला.

"बसतो वहिनी," काका म्हणाले. "पण दादाचा पाट मांडा."

आई गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मी दारात उभ्या काकूकडे बघितलं. तारामतीकाकू एवढंच म्हणाली, "मांडू."

लग्नात काका-काकूंचे दोन पाट आणि शेजारी तिसरा, रिकामा. गुरुजींचा पाय त्याला दोनदा अडखळला.

"हा उचला बरं. कुणी बसायचंय का इथं?"

"राहू द्या. दादाचा आहे."

गुरुजी चक्रावले. "मग आपण मुलीचे कोण? थोरले काका ना?"

काकांचा हात चष्म्याकडे गेला नाही. "मधला," ते म्हणाले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. मला बाबांची फार आठवण आली, आणि त्या हातात मी बाबांना शोधलं नाही. काकांचाच हात घट्ट धरला.