पाळण्यातला वरवंटा

माझ्या बारशाला पाळण्यात मी नव्हते. वरवंटा होता.

ही अक्कल ज्यांची, त्या सोजरमावशी आज दुपारी गेल्या. नव्वदीच्या आसपास होत्या. नक्की वय त्यांनाही माहीत नव्हतं.

फोटो टाकून, हात जोडलेले इमोजी लावून मोकळं व्हायला मला जमणार नाही. म्हणून लांबलचक लिहितेय. वाचा.

बहात्तरचा दुष्काळ. ईटजवळच्या आमच्या गावाबाहेर खडी फोडायचं सरकारी काम चालू होतं. माझी आजी, म्हणजे आईची आई, तिथं मजूर.

लिंबाखाली झोळ्या बांधलेल्या, त्यात बायकांची तान्ही पोरं. ती सांभाळायची ड्युटी सोजरमावशींची.

एका दुपारी सुकडी, म्हणजे दुष्काळातला सरकारी खाऊ, वाटायची गाडी आली. मावशी रांगेत गेल्या. जाताना माझ्या आईला म्हणाल्या, "ए पोरी, तुझ्या भावाकडं बघ जरा."

आई तेव्हा आठ वर्षांची. सकाळपासून उपाशी. झोळीची दोरी धरून बसली आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा भाऊ गेलेला होता.

आईला कुणी मारलं नाही. घरात फक्त तिचं नाव पडलं. झोपाळू.

"झोपाळूच्या हातात दूध देऊ नका गं." चेष्टेत म्हणायचे. आईसुद्धा हसायची.

बारा वर्षांनी आई बाळंतपणाला माहेरी आली. सासर गावातच, पण पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी. मी झाले.

आणि आई झोपेचना.

मला छातीशी धरून भिंतीला टेकून बसायची. कुणाच्या हातात द्यायची नाही, खाली ठेवायची नाही. डोळे लाल, दूध आटायला लागलेलं. आजी म्हणायची, "हिला बाहेरचं झालंय." शेजारीण लिंबू उतरवून गेली. लिंबाला काय कळतंय!

बाराव्या दिवशी बारसं. पाळणा सजला, बायका जमल्या. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" सुरू करायचं, तर आई मला सोडेना. आजी ओढतेय, आई आणखी घट्ट धरतेय, मी बोंबलतेय.

कुणीतरी हसून म्हणालं, "दे की गं. तू काय जागी ऱ्हाणार हायेस व्हय, झोपाळू?"

तेव्हा सोजरमावशी उठल्या. त्या तेव्हा दूध सोसायटीत कॅन धुवायच्या, तिथनंच आलेल्या.

"खडीवर पोरं सांभाळायचं काम माझं हुतं," म्हणाल्या. "हिचं न्हाय."

पदराला हात पुसत पुढं म्हणाल्या,

"त्या लेकराला सकाळधरनं हगवण लागली हुती. अंग तापलं हुतं. हिच्या आईला कामावरनं बोलवाया पायजे हुतं, म्या न्हाय बोलवलं. हिचा डोळा लागला म्हणून न्हाय गेलं ते. माझं काम जाईल म्हणून म्या तोंड शिवून बसले, आन् आठ वर्साच्या पोरीवर ढकललं."

आजीनं मला ओढायचं सोडलं.

आई म्हणाली, "बारा वर्सं गप बसलात व्हय, मावशी?"

"व्हय. शिव्या दे, तोंडावर थुक. पर आज झोप."

बारशात बाळाच्या आधी वरवंटा फिरवायची रीत आहे. मावशींनी तोच वरवंटा उचलला, त्याला माझं टोपडं घातलं आणि पाळण्यात ठेवला. "गा गं बायांनो. पोरगी आईच्या मांडीवर ऱ्हाईल."

बायकांनी वरवंट्याला पाळणा म्हटला. आत्यानं आईच्या मांडीशी वाकून माझ्या कानात नाव सांगितलं. तेव्हा पाठीत भरलेली चमक ती अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

दुसऱ्या दिवसापासून डेअरीचं काम आटोपलं की मावशी घरी यायच्या. आईनं माझं दुपटं स्वतःच्या पदराला गाठ मारून बांधलेलं असायचं.

"गाठ सोडू नगंस. नुसती आडवी हो. म्या बघते."

आई एक डोळा उघडा ठेवून पडायची. मावशींवर विश्वास ठेवावा असं त्यांनी काय केलं होतं? मावशींनी तो मागितलाही नाही. रोज येत राहिल्या.

मग एका दुपारी आई झोपली. ऊन कलेपर्यंत, चक्क घोरत.

आजीला दारातच अडवून मावशी म्हणाल्या, "आता हिला झोपाळू म्हणून दावा कुणी."

दीड महिन्यानं आईनं आपल्या हातानं गाठ सोडली आणि मला पाळण्यात ठेवलं. मुलगी झाली म्हणून कुणी वाटली नव्हती ती साखर त्या दिवशी मावशींनी आळीभर वाटली!

झोपाळू हे नाव घरातून गेलं ते गेलंच.

पुढं आई अंगणवाडीत मदतनीस झाली. गावात कुणी बाळंत झालं की या दोघी जोडीनं हजर. कुणाला लहानपणी चुलत्यानं घराबाहेर काढलेलं, कुणाची आई विहिरीत गेलेली. बोलायचं तर बोल, नाहीतर झोप, आमी हाय. उपदेश शून्य.

बापांनाही सोडलं नाही. एक जण लेकाला हातच लावेना. लहानपणी त्यानं बापाचा पट्टा खाल्लेला. "माझा बी हात तसाच निघाला तर?" म्हणाला. मावशींनी पोरगं त्याच्या मांडीवर ठेवलं. "निघाला तर धरायला म्या हाय की."

तो हात कधी निघाला नाही. आज तो आजोबा आहे. "लिही की," म्हणाला, म्हणून लिहिलं.

माझी मुलगी सायकॉलॉजी शिकते. ती म्हणते, याला ट्रॉमा म्हणतात. आई म्हणते, "नाव कायबी असू दे. शेजारी बसाया माणूस लागतं."

शेवटचा आठवडा आई मावशींच्या उशाशी होती. मावशींना झोप येत नव्हती. आज जेवणवेळेला म्हणाल्या, "ते लेकरू अजून दिसतंय गं."

आईनं आपल्या पदराची गाठ त्यांच्या लुगड्याला मारली. "दिसू द्या. झोपा तुमी. म्या जागी हाय."

मावशी झोपल्या.

गाठ आईनंच सोडली. रडत होती, पण दुसऱ्या कुणाला सोडू दिली नाही.

मावशी, तुमची ड्युटी संपली. आता निवांत झोपा. आम्ही आहोत जागे.