बटणावरचा यंत्रमानव

वेल्ह्याच्या एसटीत माझ्या शेजारी साठीच्या एक बाई मोबाईलवर खेळत होत्या. डोक्यावर पदर, मांडीवर मेथीची पिशवी. खेळ जुन्या धाटणीचा, ठोकळ्याठोकळ्यांच्या चित्रांचा. एक अंतराळवीर डावीकडून उजवीकडे परग्रह तुडवत चाललेला आणि त्याच्यासोबत एक बुटका यंत्रमानव. यंत्रमानव बटणावर उभा राहिला की पुढचं दार उघडायचं, उतरला की मिटायचं. बाई दारापर्यंत जायच्या, परत फिरायच्या आणि दोघांसाठी दुसरी वाट शोधताना तिथल्या किड्यांच्या तोंडी सापडून मरायच्या. मग पदर सारखा करून पुन्हा पहिल्यापासून.

मी पडलो शहाणा माणूस. चौथ्यांदा राहवेना.

"मावशी, दार उघडं आहे. जा की पुढे."

"आन् ह्याला?"

"त्याचं काम झालं. त्याच्यावाचून खेळ अडत नाही."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "सायेब, हापिसात असाल तुमी."

"हो."

"वाटलंच," म्हणाल्या आणि पुन्हा मागे वळल्या.

माझ्या बॅगेत हक्कसोडपत्र होतं. मी शिकावं म्हणून थोरल्या बहिणीने सातवीत शाळा सोडून घर सांभाळलं. ते उपकार स्मरून मी वडिलांच्या जमिनीतला तिचा हिस्सा माझ्या नावावर करून घ्यायला निघालो होतो.

मार्गासनीला उतरलो. ताईने चहा दिला. मी बॅगेला हात घालण्याआधीच ती म्हणाली, "दे, कुठं करू सही?"

मी बोटाने जागा दाखवली.