माइकवर ठेवलेला हात

प्रकट मुलाखत घेणाऱ्या बाईला लोक उगाचच विदुषी समजतात. अकरा वर्षं मी हे काम करते आहे, त्यामुळे खरं काय ते मला विचारा. पाहुण्यांचा परिचय पाठ करायचा, ते बोलत असताना मान डोलवायची, आणि त्यांचं लांबायला लागलं की हसतमुखाने त्यांना आवरायचं. भिवंडीतल्या आमच्या व्याख्यानमालेला दर वर्षी कुणीतरी बडा उद्योजक येतो, त्याच्या जोडीला एखादा विचारवंत असतो, आणि दोघं मिळून आम्हाला भांडवल आणि नवनिर्मिती यांचं नातं समजावून सांगतात. सगळे उद्योजक धोका पत्करायला सांगतात. सगळ्यांनी लहानपणी दारोदार काहीतरी विकलेलं असतं. पहिली दोन-तीन वर्षं मी घरी येऊन वहीत टिपणं काढायचे. आता घरी आले की आधी चपला भिरकावते आणि आडवी होते.

कार्यक्रम शुक्रवारी असतो, कारण शुक्रवारी गावातले यंत्रमाग बंद. इतर वारी ठेवला तर अर्धी माणसं ड्युटीवर असतात आणि उरलेल्यांना खडखडाटात शब्द ऐकू येत नाही.

माझा थोरला भाऊ या मागांवरच म्हातारा झाला. आमची शेती मानकोलीच्या बाजूला होती, तिथे आता गोदामं आहेत. वडिलांनी शहरात चार माग टाकले होते. मी शिकले, कॉलेजात मराठी शिकवायला लागले, आणि दादा शेडमध्ये राहिला. चाळीस वर्षांत त्याचे कान गेले. कानाचं यंत्र आणून दिलं, पण त्यात शिट्या वाजतात म्हणून तो ते खिशात ठेवतो. खिशातलं यंत्र ऐकतं बहुतेक.

पण नवीन डिझाइन काढावं ते दादानेच. मागाच्या वरच्या बाजूला लाकडी पट्ट्यांची साखळी फिरते. पट्ट्यांना भोकं असतात. भोकात खुंटी बसवली की तेवढे धागे वर उचलले जातात. कुठे खुंटी आणि कुठे रिकामं, यावर कापडाची नक्षी ठरते. काही वर्षांपूर्वी दादाने चौकटीची अशी एक नक्षी बसवली की समोरून ती सरळ दिसायची आणि कापड जरा हललं की तिरकी. महिन्याभरात आमच्या गल्लीतल्या प्रत्येक शेडमध्ये तीच चौकट विणली जात होती. इथे असंच चालतं. कुणीतरी चहा प्यायला येतो, गप्पा मारता मारता खुंट्या मोजतो, आणि आठवड्यात त्याच्याकडेही तेच कापड. दादाला त्याचा राग नव्हता. शिकताना त्यानेही लोकांच्या खुंट्या मोजल्याच होत्या. मात्र ती चौकट आपल्या हातची, हे चार लोकांत एकदा म्हणायचं त्याच्या मनात राहून गेलं होतं.

यंदाच्या पत्रकावर विषय छापला होता, ‘कल्पना कुणाची?’ दादाने ते पत्रक दोनदा वाचलं आणि माझ्या घरी आला.

“बाय, मना बी बोलाचा हाय तिथं. पाच मिनटां. ती चौकट माजी हाय, एवढाच सांगाचा हाय.”

मी कार्यवाहांना विचारलं. ते लगेच तयार झाले. स्थानिक कारागीर म्हणून शेवटी पाच मिनिटं, प्रश्न मीच विचारायचे, असं ठरलं. मग आठवडाभर दादा रोज संध्याकाळी आला आणि माझ्या दिवाणखान्यात उभा राहून बोलला. तो ‘न्हाय’ म्हणाला की मी ‘नाही’ म्हणायचे. तो सुधारायचा आणि पुढच्याच वाक्यात परत ‘न्हाय’. दोन दिवसांनी मी चिडले. तो हसला आणि पहिल्यापासून सुरू झाला.

शुक्रवारी विचारवंत वेळेवर आले. उद्योगपती कशेळीच्या पुलावर कंटेनरांच्या रांगेत अडकले ते दीड तासाने पोचले. तोवर मी विचारवंतांशी गप्पा मारून सभागृह धरून ठेवलं आणि माझा घसा बसला. उद्योगपती आले, शाल-श्रीफळ झालं, आणि मग ते जे सुटले ते थांबेनात. मागांचा हा आवाज जुन्या जगाचा आहे, तुमच्या गावाचं भविष्य गोदामांत आहे, असं ते म्हणाले. जमिनी भाड्याने दिलेल्या लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. मी मान डोलावली. ती आता आपोआप डोलते.

विचारवंतांच्या वाट्याला दहा मिनिटं आली. माणूस भला होता. ते म्हणाले, “कल्पना हातांतून येते. इथे असा कुणी कारागीर असेल तर मला बोलण्यापेक्षा त्यालाच ऐकायला आवडेल.”

तिसऱ्या रांगेत दादा बसला होता. इस्त्रीचा आकाशी सदरा, केसांना तेल. तो अर्धा उठलासुद्धा. कार्यवाह माझ्याकडे वाकून म्हणाले, “मॅडम, तुमच्या बंधूंना घेऊ या ना वर?”

मी माइकवर हात ठेवला आणि म्हणाले, “नको. त्याला ऐकू येत नाही. उगाच हसं होईल.”

दादा खाली बसला.

तो का बसला हे मला क्षणभर कळलं नाही. मग आठवलं. मागांवरची माणसं चार मागांच्या पलीकडून एकमेकांशी आवाज न काढता बोलतात. नुसते ओठ बघतात. आमच्या घरात आईपासून सगळे तसेच बोलायचे. दादाशी तर मी वर्षानुवर्षं असंच बोलत आले आहे, शेडमध्येही आणि स्वयंपाकघरातही. अकरा वर्षं स्टेजवर बसून मी स्टेजवाल्यांसारखा विचार करायला लागले होते. माइक झाकला की बोलणं झाकलं, असं मला वाटलं.

आणि मी जे म्हणाले ते खोटं होतं. माझे प्रश्न त्याला कळलेच असते. अख्ख्या भिवंडीत माझे ओठ त्याला सगळ्यांत चांगले वाचता येतात. मी थकले होते, उशीर झाला होता, ही कारणं मी स्वतःला पुष्कळ वेळा दिली आहेत. खरं कारण असं की, त्या पाहुण्यांसमोर माझा भाऊ ‘हाय’ आणि ‘न्हाय’ म्हणेल याची मला लाज वाटली. मराठीची प्राध्यापक मी. आईच्या बोलीची मला लाज वाटली.

आभारप्रदर्शन संपेपर्यंत तिसऱ्या रांगेतली ती खुर्ची रिकामी झाली होती. पाहुण्यांबरोबर फोटो काढायला मी उभी राहिले, तेही हसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये गेले. चारही माग चालू होते. दादा तुटलेला धागा जोडत होता. मी समोर उभी राहून आवाज न काढता म्हणाले, “दादा, चुकलं माझं.” त्याने वर पाहिलं नाही. मी पुन्हा म्हणाले. शेवटी त्याच्या खांद्याला हात लावला, तेव्हा तो मागाकडेच बघत म्हणाला, “बाय, कामावर हाय मी.”

तेव्हापासून तो माझ्याशी वाईट वागत नाही. आला की मुलांची चौकशी करतो, माझ्या गुडघ्यांसाठी तेल आणून देतो. फक्त मी बोलायला लागले की ताटाकडे बघतो, नाहीतर खिडकीबाहेर. मी मोठ्याने बोलले तरी उपयोग नाही, आणि चिठ्ठी लिहून द्यायचं धाडस मला अजून झालेलं नाही. पुढच्या वर्षीच्या मुलाखतीसाठी कार्यवाहांचा फोन आला होता. मी हो म्हणाले. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

भाऊबीजेला तो आला, पाटावर बसला. मी त्याला कुंकू लावलं, ओवाळायला तबक उचललं आणि म्हणाले, “दादा, माफ कर मला.” तो निरांजनाच्या ज्योतीकडे बघत होता.