नाथाजीचा स्वस्त रेडिओ

तासगावच्या नाथाजीनं डूख धरला तो साधासुधा नव्हे. हिंदुरावाच्या रेडिओच्या दुकानात तो इमानानं दुरुस्तीचं काम करायचा. पंचाहत्तर साली बाजाराच्या दिवशी दुकानातला एक ट्रान्झिस्टर सापडेना. हिंदुरावानं भर गर्दीत नाथाजीची पिशवी रस्त्यावर उपडी केली, त्याला चोर म्हटलं आणि हाकलून दिलं. पुढं तो ट्रान्झिस्टर हिंदुरावाच्याच मेहुण्याच्या घरी वाजताना सापडला, पठ्ठ्यानं न विचारता उचलून नेलेला. पण चुकलं म्हणायला हिंदुरावाची जीभ वळेल तर शपथ!

नाथाजीच्या अंगाचा तिळपापड झाला. बायकोला, अंबूबाईला तो म्हणाला, "ज्या तोंडानं चोर म्हटलं, त्याच तोंडानं भर बाजारात 'चोर न्हाई' म्हणाय लावतो. तवर गप बसायचा न्हाई मी."

आणि गड्यानं हिंदुरावाच्या दारासमोरच पिंपळाखाली सतरंजी टाकली. पुण्याहून सुटे भाग आणायचे, घरी नवराबायकोनं जोडायचे, द्राक्षाच्या मोडक्या खोक्यांच्या फळ्या ठोकून पेटी करायची, की झाला रेडिओ. काचेचं कपाट नको, चामडी कव्हर नको, कंपनीचं नाव नको. रूपाच्या नावानं बोंब, पण आवाज खणखणीत आणि किंमत हिंदुरावाच्या निम्मी. हां हां म्हणता निम्म्या तासगावात त्याचे रेडिओ वाजू लागले.

हिंदुराव पेटला. त्यानं आपल्या कंपनीच्या रेडिओचा भाव नाथाजीच्याही खाली आणला, अगदी खरेदीच्याही खाली. "तोटा खाईन, पर ह्या भिकाऱ्याला हितनं उठवीन," असं तो चारचौघांत बोलला.

नाथाजीला हेच हवं होतं. त्यानं आपला माल घरात दडवला आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगू लागला, "आवं, समोर जावा. लय स्वस्त लावलाय मालकानं." सासुरवाडीची माणसंसुद्धा त्यानं तिकडं धाडली. जितका खप, तितका हिंदुराव खड्ड्यात! दिवाळीला त्याची कपाटं रिकामी झाली आणि नवा माल उधार द्यायला कोणी तयार होईना. मग नाथाजीनं सतरंजी पुन्हा अंथरली.

शेवटी एका सकाळी हिंदुराव त्याच्या घरी आला. "चुकलं माजं, गड्या. आता बास कर. तुजंच रेडिओ माज्या दुकानात ठिवून इकू दे."

"हितं नगं, मालक," नाथाजी म्हणाला. "बाजारात बोला. मग बगू." हिंदुरावाची मान खाली गेलेली बघून त्याला काय गोड वाटलं म्हणता!

बाजाराला पिंपळाखाली ही गर्दी. हिंदुराव टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मंडळी, ह्यो नाथाजी चोर न्हाई. म्या ह्याला चोर म्हटलं, ती माजी चूक."

नाथाजीनं छाती पुढं काढून गर्दीकडं पाहिलं. तासगावच्या लोकांचे रेडिओ कधीच घेऊन झाले होते. समोर बसलेली सगळी आटपाडीकडची मेंढपाळ मंडळी, स्वस्ताई ऐकून एवढ्या लांब आलेली. त्यांनी ना ती पिशवी पाहिली होती, ना कुठल्या चोरीचं नाव ऐकलं होतं. ती एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागली.

पुढंच बसलेल्या धुळा मेंढक्यानं हातातला रेडिओ उलटासुलटा करून पाहिला.

"चोरी व्हय?" तो शेजाऱ्याला म्हणाला. "तरीच म्हटलं, एवढा स्वस्त कसा."

त्यानं रेडिओ सतरंजीवर ठेवला आणि तो उठला. त्याच्यामागून बाकीचेही उठले.