संतांची शहरं आणि आमची वस्ती

संतांबद्दल, तेही दुसऱ्या धर्माच्या, मी लिहावं असा माझा काही अधिकार नाही. कॉलेजात गेलेला घरातला पहिलाच मी, आणि वाचनही बेताचंच. चुकलंमाकलं असेल तर आधीच माफी मागतो.

सिंगापूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी एक विषय इतिहासाचा घ्यावा लागला. वर्गासमोर बोलायला आम्हा दोघांच्या वाट्याला आलं ते हे : इतकी शहरं कॅथलिक संतांच्या नावाची कशी झाली? माझी जोडीदार इथलीच, चिनी वंशाची, कॅथलिक. पाया लेबारच्या मॉलमध्ये आम्ही अभ्यासाला बसायचो. तिनेच सांगितलं की त्यांच्या पंचांगात प्रत्येक दिवस कुणा ना कुणा संताचा असतो.

"आजीने माझं नाव तसंच ठेवलं. तारीख बघितली, झालं. सोपं आहे, ला." वाक्याच्या शेवटी हा 'ला' इथले सगळेच लावतात.

स्पॅनिश आणि पोर्तुगीजांनीही पुष्कळदा हेच केलं होतं. मुक्कामाला पोचले तो दिवस संत अँथनीचा, म्हणून सॅन अँटोनियो. संत पॉलच्या दिवशी प्रार्थना झाली, म्हणून साओ पाउलो. सगळीच तशी नाहीत. सँतियागोला स्पॅनिशांच्या लाडक्या संताचं नाव मिळालं.

मला यात जास्तच रस वाटला, कारण घरी तेव्हा नावावरूनच अडलं होतं. आमच्या वस्तीला जातीचं नाव होतं. ते इथे लिहीत नाही. बहीण कॉलेजात जाण्याआधी ते बदलायचं, असं वडिलांनी मनावर घेतलं होतं. तिने पत्ता सांगितला की ऐकणाऱ्याला बाकीचं आपोआप कळू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. पण विहारातल्या बैठकीत वस्तीचेच दोन गट पडले. प्रत्येकाला वेगळ्या महापुरुषाचं नाव हवं होतं. गावातले म्हणाले, आधी तुमचं एक होऊ द्या, मग ग्रामसभेत या.

एका रविवारी बुकित बातोकच्या खोलीतून मी फोन केला, स्पॅनिशांचं सगळं सांगितलं आणि मोठा शोध लागल्यासारखं म्हणालो, "भांडता कशाला? वस्ती ज्या दिवशी बसली त्या दिवसावरून नाव द्या. एखादी पौर्णिमा असेल."

वडील म्हणाले, "दिवस कुनाला ठावं? माझ्या आज्याचा जल्म बी इथलाच."

बहीण मागून म्हणाली, "दादा, ते बोटीतून उतरले म्हणून त्यांना तारीख पाठ. आपण कशातून उतरलो, एसटीतून?"

आई हसली. वडील म्हणाले, "बोलू दे गं त्याला. शिकतोय तो."

वर्गात बोलताना मी एक वाक्य वाढवलं : त्या जागांना तिथे राहणाऱ्यांची नावं आधीपासून होती, आणि ती कुठल्या दिवशी पडली हे कुणाला सांगता येत नाही. जोडीदाराने नंतर विचारलं, हे कुठल्या पुस्तकात मिळालं? मी म्हटलं, घरी.

पुढे उन्हाळाभर नावाचं काय झालं ते घरी विचारत राहिलो. बैठक कधी कुणाच्या लग्नामुळे राहायची, कधी कुणी रुसल्यामुळे. मग मीच विचारणं सोडलं.

बुकित पंजांगला एका पुणेकर कुटुंबाकडे जेवायला निघालो होतो, तेव्हा बहिणीचा मेसेज आला. दोन्ही गटांनी आपापलं नाव मागे घेतलं होतं. समतानगर ठरलं, ग्रामसभेतही मंजूर झालं. वडील पेढे वाटत फिरत होते.

खाली तिने लिहिलं होतं : "माझी ॲडमिशन मागच्याच आठवड्यात झाली. फॉर्मवर पत्ता जुनाच गेलाय. पप्पांना आज सांगू नको."