नागलीची मोरकी

अन्याय झाला तो एका घोडेवाल्यावर. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी पाचच्या सुमारास, जव्हारच्या सनसेट पॉईंटवर. करणारी मी. आम्ही प्राण्यांवरच्या अन्यायाविरुद्ध पत्रकं काढतो; त्यांत दोषी कोण ते सुरुवातीलाच लिहायची रीत आहे. ती स्वतःला लावायची नसेल तर पत्रकं लिहिणं सोडलेलं बरं.

त्या घोडेवाल्या काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घोडीचं लोखंड त्यांच्याच तोंडात होतं. आदल्या थंडीतली सकाळ. लगामाची आडवी कडी दातांत धरून हा साठीचा माणूस शांतपणे घोडीला खरारा करत होता. मी थांबले. तुम्हीही थांबला असता.

"काका, हे काय?"

त्यांनी कडी काढून शर्टाला पुसली. "गार लोखंड हाय. आधी मी चावतो, मंग ती."

मी खोडाळ्याची. आमच्याकडे नागली, म्हणजे नाचणी, पिकते, बैल आहेत, घोडा कधीच नव्हता. तरी 'घोड्याच्या तोंडातलं लोखंड काढा' हे पत्रक मी लिहिलं होतं आणि त्याचा गठ्ठा माझ्या पिशवीत होता. काकांनी अक्षराला बोट लावत ते पूर्ण वाचलं आणि चित्रापाशी अडकले.

"हा घोडा दातानं खिळा उपटतोय का?"

चित्रात मी कडी पुढच्या दातांत काढली होती. त्यांनी माझा अंगठा धरला आणि घोडीच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवला. मी ओरडणारच होते, पण तिथे दात नव्हतेच. पुढचे दात संपले की दाढांपर्यंत नुसती हिरडी. उबदार, ओली, आणि लगेच खाली हाड.

"देवानं जागा सोडली, माणसानं लोखंड भरलं," काका म्हणाले. हे वाक्य माझ्या अख्ख्या पत्रकापेक्षा चांगलं होतं. ते लोखंड वापरणाऱ्याने म्हणावं, याचा मला भयंकर राग आला.

"मग तुम्ही का भरता?"

"उतारावर एसटीनं हॉर्न मारला का ही उडते. वर कुणाचं तरी पोर असतं. धरायला काय तरी पायजे ना?"

"मोरकी वापरा." मोरकी म्हणजे तोंडात काही न घालता नाकावरून आणि गालांवरून बांधलेली दोरी. पत्रकात तोच उपाय होता, ठळक अक्षरांत.

"मोरकी म्हंजे लाड नाय, बाय." त्यांनी घोडीच्या नाकावरचे केस बाजूला केले. खाली जुना पांढरा वण होता. "आधीच्या मालकाची मोरकी. ओढणारा ओढतोच. आणि तुझ्या बापाच्या बैलाला वेसण हाय का नाय?"

होती.

घोडीचं नाव नागली. रंग दळलेल्या नागलीचा, कपाळावर पांढरा टिळा. काकांची जवानी माथेरानला घोड्यांमागे पळण्यात गेलेली, त्यामुळे पर्यटकांशी हिंदी. बसण्याआधी प्रत्येकाला एकच हुकूम: "हाथ दिखाओ." दोरीचं एक टोक त्याच्या हातात द्यायचं, दुसरं काकांनी स्वतःच्या मुठीत ठेवून डोळे मिटायचे. "अब रोको." कोण किती हिसडतो ते असं कळायचं. हात हलका तर लगाम मिळायचा. हात जड तर नुसती मोरकी, आणि ती धरून काका पुढे चालणार. ठाण्याच्या एका बाईंनी तर तळहातच पुढे केला, "परदेस का योग है क्या?"

"पहले टेकडी तक तो जाओ."

मीही दोरी ओढून पाहिली. काकांनी डोळे उघडले. "जड. ही बाय मोरकीवाली." लगामाविरुद्ध पत्रक काढणारी, आणि लगाम हातात देण्याच्या लायकीची नाही!

मी जात राहिले, भांडत राहिले. पावसाळ्यात एक दिवस काकांच्या हातात नवी मोरकी दिसली. नाकावर येते तिथे मऊ कापड गुंडाळलेलं.

"म्हातारीचं लुगडं फाडलं. शिव्या खाल्ल्या. बघू आता, तुझं पत्रक खरं का खोटं."

मग रोज सकाळी ते नागलीला डेपोच्या रस्त्याला न्यायचे. एसटी येताना दिसली की "होऽऽ" म्हणून थांबवायचे. पहिल्या हॉर्नला तिने त्यांना फरफटत नेलं. कोपर सोलवटलेलं. महिनाभराने त्यांनीच मला बोलावून दाखवलं: "कान हलले, पाय नाय." दसऱ्यापर्यंत लोखंड पूर्ण सुटलं. तरी ते त्यांच्या खांद्यावर असायचंच. "खांदा रिकामा वाटतो," म्हणायचे.

आणि मग ती संध्याकाळ. पॉईंटवर गर्दी. लांबून मला दिसलं ते एवढंच: नागलीच्या ओठावर रक्त, काकांची दोन बोटं तिच्या तोंडात, खांद्यावर ते लोखंड. मी फोन काढला.

"बाय, थांब, काटा..." ते म्हणाले.

मी ऐकलं. थांबले नाही. 'जव्हारचा कसाई' असं खाली लिहून फोटो सगळ्या ग्रुपवर टाकला आणि जीपमध्ये बसले. जीप मोखाड्याला पोचायच्या आत तो फोटो अनोळखी माणसांकडून माझ्याच फोनवर परत आला.

आया पोरांना घोडीवरून उतरवू लागल्या. कुणी काकांच्या तोंडावर 'कसाई' म्हणालं. काकांनी माझं नाव एकदाही घेतलं नाही. आठवड्याने मी त्यांना सुनावायला गेले, तेव्हा त्यांनी खिशातून चुन्याची डबी काढून उघडली. आत करवंदीचा काटा, टोकाला सुकलेलं रक्त.

"कोवळा पाला खायला गेली नि घुसला. घे, याचा पण फोटो काढ."

काढला. माफी लिहून टाकला. पण काट्याचा फोटो कोण पुढे पाठवतो?

नागलीवर कुणी बसेना, चारा आणायचा कशावर? तुळशीच्या लग्नानंतर नाशिककडचा एक वरातीचा घोडेवाला टेम्पो घेऊन तिला विकत न्यायला आला. मी तिथे होते. त्याने आपला लगाम काढला, आतून काटेरी. बँड वाजला की तो ओढायचा. दुखलं की घोडी मान उडवते, पाय नाचवते, आणि वऱ्हाड म्हणतं, काय खुशीत आहे! काकांनी मोरकी पुढे केली.

"काका, हिच्यावर घोडी नाचते का?" तो हसला.

टेम्पो हलला. काका हळूच "होऽऽ" म्हणाले. नागलीचे कान मागे वळले. टेम्पो थांबला नाही.

काका आता पॉईंटवर दिसत नाहीत. लेकीकडे वाड्याला असतात, असं तिथली चहावाली सांगते. तिच्याकडेच ते माझ्यासाठी मोरकी ठेवून गेले. लुगड्याच्या कापडाला अजून घोडीचा वास आहे.

तर आता तुम्ही. तो फोटो तुमच्या फोनमध्ये असेल तर पुसा, आणि ज्याला पाठवला त्याला काट्याचं सांगा. आणि कुठल्याही वरातीत नागलीच्या रंगाची, कपाळावर पांढरा टिळा असलेली घोडी नाचताना दिसली, तर बँड थांबवा. लग्न कुणाचंही असो. तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा आत घाला आणि तिथे काय आहे ते बघा.

मग मला कळवा. मोरकी माझ्याकडे आहे.